आल्डोण्याचा ट्रम्पेट, क्युबाचा ठेका

'शोला जो भडके' लागलं की बहुतेकांचे कान लता-चितळकरांच्या गळ्यांकडे जातात आणि डोळे भगवानदादांच्या खांद्यांकडे. थोडा वेळ दोन्ही सोडून नुसत्या तालाकडे कान लावावा. गाण्याचा तोंडवळा ठरवतात ते बोंगो. कोरडे, टणक, बोटांच्या टोकांनी काढलेले बोल; बारका नाद पुढे पळतो, जाडा त्याला मध्येच अडवतो. भोवती ओबो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट. साल १९५१, चित्रपट 'अलबेला', संगीतकार पुणतांब्यात जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र. विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेला हा माणूस क्युबाच्या ठेक्यापाशी पोचला कसा, याचं उत्तर एका बँडमध्ये आहे.

तो बँड चिक चॉकलेटचा. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातलं आल्डोणा. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना नोटेशन वाचायला शिकवत, आणि त्या एका विद्येच्या जोरावर पिढ्यानपिढ्या गोवेकर मुंबईच्या हॉटेलांत, नाचघरांत आणि पुढे स्टुडिओत शिरले. चिकचा ट्रम्पेट लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाचा. मुंबईकर त्याला आपला आर्मस्ट्राँग म्हणत. त्याचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजत असे. नाचणाऱ्यांना फॉक्सट्रॉट लागे तसा रुंबाही लागे. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये हवानाच्या डॉन आस्पियाझूच्या बँडने 'एल मानिसेरो' ध्वनिमुद्रित केलं आणि रुंब्याचं वेड जगभर पसरलं. चिक आणि त्याच्यासारख्या नाचघरी बँडमधले वादक पुढे दादर-परळच्या स्टुडिओंत, सी. रामचंद्रांसारख्या संगीतकारांकडे आले. संगीतकाराने पेटीवर चाल सांगायची, गोवेकर संयोजकाने ती कागदावर उतरवून तिच्यात स्वरसंगती आणि मधले तुकडे भरायचे, अशी ती रीत होती. श्रेयनामावलीत यांच्या वाट्याला फार तर 'सहायक' एवढा शब्द येई. त्या एका शब्दाखाली किती कला गाडली गेली, याची हळहळ वाटते.

बोंगो, कोंगा, मॅराकस ही वाद्यं हिंदी चित्रपटसंगीतात रुजवली ती कावस लॉर्ड या पारशी वादकाने. केरसी आणि बर्जोर हे त्यांचे मुलगेही पुढे त्याच धंद्यात नावाजले.

आता मूळ ठेक्याकडे. क्युबन संगीताचा कणा म्हणजे क्लावे: दोन लाकडी दांडक्यांवर वाजणारे पाच आघात. तीनतालासारख्या सोळा मात्रा जरा द्रुत मोजा आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्या. पहिली आणि तेरावी टाळी आपल्या तीनतालाशी बरोबर जुळते. मधल्या तीन मात्र आडव्या येतात. पहिल्या अर्ध्यात तीन आघात, दुसऱ्या अर्ध्यात दोन, त्यामुळे एक अर्ध ओढतं आणि दुसरं सावरतं. वर बासवाला पहिल्या मात्रेवर बहुधा वाजवतच नाही. आधीच येऊन स्वर धरून ठेवतो. समेची वाट बघणाऱ्या कानाला पायाखालची पायरी हुकल्यासारखं होतं. त्या हुकण्यातच नाच आहे.

हवानाचा मारियो बाउसा आणि त्याचा मेहुणा माचितो यांनी १९४० साली न्यूयॉर्कमध्ये 'आफ्रो-क्युबन्स' बँड उभा केला, आणि १९४३च्या 'टांगा'मध्ये क्लावेचा हा कायदा जॅझच्या अंगाला पहिल्यांदा नीट बसला. १९४७ अखेरचं डिझी गिलेस्पीचं 'मांतेका' ऐकलं तर सांधा कानाला दिसतो. कोंगावाला चानो पोसो याने एकावर एक रचलेले तुकडे सरळ क्युबन चालीत जातात, मग डिझीने बांधलेला मधला भाग येतो आणि ठेका जॅझच्या झोक्यावर कलंडतो. दोन घरची माणसं एका ताटात जेवतात, पण घास आपापल्या पद्धतीने घेतात.

'शोला जो भडके'मध्ये हा सांधा दिसत नाही. माझ्या कानाला तिथे क्लावेचा कडक कायदाही ऐकू येत नाही. सी. रामचंद्रांनी रंग घेतला, कायदा ठेवून दिला आणि सम जागेवर आणून बसवली. जॅझचा जाणकार याला तडजोड म्हणेल. मला ते पक्कं समजून केलेलं काम वाटतं. भगवानदादांचा नाच बघा: पाय जमिनीपासून जेमतेम सुटतात, खांदे हलतात, हात अर्धेमुर्धे उघडतात. हा नाच कुठलाही गडी वरातीत करू शकतो, आणि त्याला सम सापडायलाच हवी. गळाही तसाच. लताबाईंचा सूर हरकतींत रमत नाही, ठेक्याच्या पाठीवर स्वार होऊन जातो. चितळकर तर जवळजवळ बोलतात. चाल इतकी मोकळी ठेवली म्हणून बोंगोला बोलायला जागा मिळाली.

बीड-परळी रस्त्यावरच्या वडवणीत राहणाऱ्या माझ्यासारख्याला हे बोंगो परके वाटत नाहीत, त्याला कारण आहे. आमच्याकडे गोंधळ्याच्या कमरेला संबळ असतो. बोंगोसारखीच जोडी, एक तोंड लहान, एक मोठं. एक बारीक कडाडतं, दुसरं घुमतं. बोंगो बोटांनी वाजतो, संबळ काठ्यांनी, त्यातली एक टोकाला वाकडी. तुळजापूरला आणि अंबाजोगाईला देवीला जाणाऱ्या आराध्यांची गाणी ऐकत वाढलेल्या कानाला दोन तोंडांचं हे भांडण आपसूकच कळतं. क्युबात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनीही आपली दैवतं चामड्याच्या वाद्यांतूनच जागी ठेवली. म्हणून हा ठेका मराठवाड्यात पोचला तेव्हा त्याला ओळखीचं दार उघडं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडे लग्नात परण्या, म्हणजे नवरदेवाची वरात, मारुतीकडे निघतो तेव्हा बँडमधला खुळखुळेवाला नीट बघावा. दोन्ही हातांत एकेक खुळखुळा, मनगट ताठ, झटका कोपरातून, आणि दाणे एकाच वेळी तळाला आदळतील असा हिशेब. नीट जमलं तर आवाज वाळूसारखा पसरत नाही, चिमटीत धरल्यासारखा तुटतो. क्युबन मॅराकसवाल्याचीही खरी परीक्षा तीच. ताज ते मारुतीचा पार ही वाट चित्रपटानेच पाडली असणार.

माचितोचा बँड चार दशकं स्वतःच्या नावाने वाढत गेला. १९८४मध्ये लंडनला कार्यक्रमासाठी गेला असताना माचितो वारला. चिक १९६७मध्येच गेला, आणि त्याच्या मंडळींची घडण त्यांच्या नावाच्या तबकड्यांपेक्षा दुसऱ्यांच्या गाण्यांतच जास्त विखुरली आहे. ती ऐकायची तर सी. रामचंद्रांची गाणी क्रमाने लावावीत. १९४७च्या 'शहनाई'तलं 'आना मेरी जान': सॅक्सोफोन, गिटार, माउथऑर्गन आणि शीळ, सगळं अजून नाटकी चेष्टेच्या अंगाने. १९५०च्या 'समाधी'तलं 'गोरे गोरे': चालच कार्मेन मिरांडाच्या 'चिको चिको'वरून उचललेली. वर्षभराने 'अलबेला'त मात्र उसनेपणा गळून पडलेला. त्यातल्याच 'दीवाना ये परवाना'त चिकचा बँड झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून पडद्यावरही दिसतो, आणि सगळ्या चित्रपटात माझा जीव अडकतो तो तिथे. ज्यांना एरवी फक्त ऐकायचं, त्यांचे चेहरे बघायला मिळतात. १९५७च्या 'ईना मीना डीका'पर्यंत वारं रॉककडे फिरलेलं असतं, पण चाल बांधणाऱ्याला आता कुणाची नक्कल करावी लागत नाही.




त्यानंतर १९६९चं 'रूप तेरा मस्ताना' लावावं. संगीत वेगळ्या घराण्याचं, पण त्यातला अ‍ॅकॉर्डियन कावस लॉर्डांच्या मुलाचा, केरसींचा आहे.