जे काम दिसत नाही, ते मोजायचं कसं?



विद्यापीठातल्या प्राध्यापकाचं काम साधारण तीन भागांत बघतात. अध्यापन, संशोधन आणि सेवा. पहिल्या दोन भागांवर भरपूर वाद झाले, तिसऱ्याकडे कुणी फारसं बघत नाही. म्हणून आज फक्त सेवेबद्दल बोलू, आणि तेही गणितापुरतं.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ सालची नियमावली आहे. तिच्यातल्या पहिल्या तक्त्यात प्राध्यापकाच्या वर्षभराच्या कामाची प्रतवारी होते. शिकवण्याच्या टक्केवारीनंतर उपक्रमांची यादी येते: प्रशासकीय जबाबदाऱ्या, परीक्षेची कामं, विद्यार्थ्यांचे उपक्रम, परिसंवादांचं आयोजन, पीएचडीचं मार्गदर्शन, संशोधन प्रकल्प आणि निदान एक प्रकाशित निबंध. यातले किमान तीन उपक्रम केले तर ‘चांगले’, एक किंवा दोन केले तर ‘समाधानकारक’.

आता ही यादी पुन्हा नीट बघा. निबंध लिहिणारा तिच्यात आहे. तो निबंध बरोबर आहे की नाही हे तपासणाऱ्याला मात्र तिच्यात स्वतंत्र जागा नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? इतर विषयांतही निबंध तपासतातच की. तपासतात. पण प्रयोगशाळेतला प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा करून बघता येतो. गणितात पुन्हा करून बघणं म्हणजे सिद्धता ओळीओळीनं वाचणं. म्हणजे तपासणारा वाचतो तेव्हा तो प्रयोगच पुन्हा करत असतो.

एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो. फळवाला संत्री रचतो त्यापेक्षा जास्त दाट गोल रचता येत नाहीत, असं केप्लरनं १६११ मध्ये म्हटलं होतं. १९९८ मध्ये थॉमस हेल्स यांनी त्याची सिद्धता मांडली. अडीचशेच्या आसपास पानं, आणि सोबत संगणकाचे प्रोग्रॅम. ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’नं ती तपासायला बारा परीक्षक नेमले. ते चार वर्षं राबले आणि शेवटी म्हणाले, आमची ९९ टक्के खात्री आहे, पण संगणकाचा सगळा हिशोब आम्हाला तपासता आला नाही. निबंध २००५ मध्ये छापला गेला. उरलेल्या एका टक्क्यासाठी हेल्स आणि सहकाऱ्यांनी संगणकाकडूनच पायरीपायरीनं पडताळणी करून घेतली, ती २०१४ मध्ये पूर्ण झाली.

त्या परीक्षकांपैकी कुणी आपल्याकडे असता, तर त्या चार वर्षांत आमच्या तक्त्याचा कोणता रकाना भरला असता? (हशा) हसू नका. उत्तर शून्य आहे.

मी स्वतः अशा एका समितीवर बसलो आहे. समोरच्या प्राध्यापकानं उन्हाळ्याची अख्खी सुट्टी एका हस्तलिखितावर घालवली होती. ज्या उपप्रमेयावर सगळी इमारत उभी होती, तेच एका विशेष परिस्थितीत खोटं पडतं, हे त्यानं दाखवून दिलं होतं. लेखकानं निबंध मागे घेतला. म्हणजे चुकीचं प्रमेय छापलं गेलं नाही आणि त्यावर पुढे कुणी पीएचडी केली नाही. हे आम्ही ऐकलं, मान डोलावली, आणि काहीच लिहिलं नाही. रकाना नव्हता. खाली सही माझीही आहे. त्याला बढती मिळाली, पण इतर कामांवर. पुढे कळलं, की त्यानं परीक्षणाची कामं घेणंच सोडलं. त्याला दोष कसा देऊ?

मग रकाना वाढवायचा का? इथे जरा थांबावं लागेल. परीक्षक गुप्त असतो, त्यामुळे पुरावा म्हणून नियतकालिकाचं प्रमाणपत्र आणावं लागेल. आणि मोजायला लागलो, की प्रमाणपत्रंच मोजली जातील. अर्ध्या तासात ‘छान आहे, छापा’ लिहिणारा पाच प्रमाणपत्रं आणेल, सुट्टी घालवणारा एकच. म्हणजे आज काम दुर्लक्षित आहे, उद्या ते बिघडेल.

तक्त्याच्या बाजूनंही एक गोष्ट मान्य करतो. साहेबांची मर्जी हाच निकष असला तर काय होतं, हे माझ्या पिढीनं पाहिलंय. आकड्यांनी तरुणांना थोडं संरक्षण दिलं. ते काढून घ्या असं मी म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की सेवेची संख्या विचारू नका, नमुना मागा. उमेदवारानं एका पानावर आपली दोन कामं सांगावीत: काय केलं, किती वेळ गेला, कुणाचं काय सुधारलं. परीक्षण असेल तर संपादकाचं पत्र जोडावं, पण ते दर्जाबद्दल हवं, आणि हस्तलिखिताची ओळख झाकलेली हवी. बढतीच्या समितीवर विषयतज्ज्ञ असतातच. आज ते येतात आणि बेरीज तपासतात. बेरजेसाठी गणितज्ञ कशाला बोलवायचा? त्यांनी ते पान वाचावं, पंधरा मिनिटं प्रश्न विचारावेत, आणि आपलं मत कारणांसह, नावानिशी लिहावं. कारणं लिहिलेली असली की मर्जीलाही आळा बसतो.

यात चूक होईल? होईल. पण ती चूक कुणाची, हे कळेल. कोऱ्या रकान्याची जबाबदारी मात्र कुणावरच नसते. आम्ही त्या दिवशी तिच्याच आड लपलो.