ठाण्याचें चामडें आणि मध्ययुगीन पायतण : पुराव्याची छाननी

ठाण्याच्या राज्यांतून नाना प्रकारचें उत्तम चामडें परदेशीं जाई, असें मार्को पोलोच्या प्रवासवृत्तांत म्हटलें आहे. वृत्तांत १२९८ त लिहिला गेला. म्हणजे साक्ष रामदेवराव यादवाच्या अमदानींतली. एवढ्या आधारावर ठाणें, माजिवडा, कल्याण या टापूंत त्या काळीं जोड्यांचा मोठा धंदा होता, असा इमला उभारण्याचा मोह पडतो. आमच्या मतें हा पाया तितका भार सोसणार नाहीं.

पोलो चामडें म्हणतो, जोडा म्हणत नाहीं. चामडें खोगिराला लागतें, पखालीला लागतें, ढालीलाहि लागतें. शिवाय माल बंदरांतून गेला म्हणजे तेथेंच कमावला गेला, असें ठरत नाहीं. गुजराथेच्या प्रकरणांत मात्र हाच लेखक कातडीं कमावण्याचा धंदा आणि सोन्यारुप्याच्या तारेनें भरलेल्या लाल-निळ्या चामड्याच्या चटया यांचें सविस्तर वर्णन देतो. ठाण्याविषयीं तसें कांहीं नाहीं.

दुसरा आधार मानसोल्लासांतील पादुकाभोगाचा. हा ग्रंथ ‘कल्याणचा’ म्हणून ठाणें जिल्ह्याच्या खातीं घालणें ही ढळढळीत चूक होय. तिसऱ्या सोमेश्वराचें कल्याण तें बिदरकडचें, उल्हासकांठचें नव्हे. उत्तर कोंकणचाच ग्रंथ हवा तर शिलाहार अपरादित्याची याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका आहे. मूळ स्मृतींत चर्माची शुद्धि पाण्यानें सांगितली आहे. पण तो विषय शुद्धीचा; कारागिरीचा नव्हे.

कारागिरीसाठीं चालू परंपरेकडेच वळावें लागतें. कातडें चुन्यांत भिजवून केस काढावयाचे. मग त्याची पिशवी शिवून तींत बाभळीची साल व हिरडा यांचा रस भरून टांगावयाची. हें काम ढोराचें. पुढें चांभार रापीनें तळ कापून थर चामड्याच्या वादीनेंच शिवतो. जुन्या घडणीच्या कोल्हापुरी वहाणेंत खिळा नसतो. ही रीत तेराव्या शतकापर्यंत मागें नेणें हा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच मांडावा. संग्रहांतील जुन्या पायतणाला ‘यादवकालीन’ अशी चिठ्ठी डकवणाऱ्यांनीं तर हें अवश्य ध्यानांत ठेवावें. कोंकणच्या पावसांत चामडें सहा-सातशें वर्षें टिकणें दुर्घट!

कागद मात्र टिकतात. देशावरील वतनी कागदांत चांभाराकडून पाटलास मिळणारा जोडा, मेल्या गुराच्या कातड्यावरील महारांचा हक्क, अशीं कलमें आढळतात. ते कागद पुष्कळ उत्तरकालीन खरे. तरी जोडा कोण करी आणि कोणाला देई, हें त्यांतून कळतें. माजिवडा, कळवें, बाळकूम या बाजूचीं दप्तरें ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं तीं या दृष्टीनें एकवार चाळावींत, व असें कलम आढळल्यास मूळ कागदाची नक्कल अक्षरशः उतरून मंडळाकडे पाठवावी.