दृष्टीआडची ठिणगी

गोंडपिपरीच्या रस्त्याने धानाची पोती, बांबू आणि बाजाराचा माल वाहत जाणाऱ्या पिकअप गाड्या पाहून स्पार्क प्लगची आठवण होण्याचे काही कारण नाही. त्या बहुतेक डिझेलच्या. त्यांच्या सिलिंडरात हवा नुसती दाबली गेली तरी इतकी तापते की इंधन आपसूक पेट घेते, ठिणगीची याचना करावी लागत नाही. ठिणगीचे कौतुक करायचे तर पेट्रोलच्या गाडीकडेच वळायला हवे, आणि ज्या गाडीत ती ठिणगी सहजी हाताला लागत नाही, अशी गाडी या भागातल्या कुणालाही परकी नाही. मारुतीची व्हॅन १९८४ साली रस्त्यावर आली, पुढे ओम्नी म्हणून ओळखली गेली, २०१० मध्ये तिच्या जोडीला ईको आली आणि २०१९ मध्ये ओम्नीचे उत्पादन थांबले. वर्धा आणि वैनगंगा यांच्या मधल्या या तालुक्यात शाळेची मुले, लग्नाची मंडळी, दवाखान्यात न्यायचा माणूस, साऱ्यांना तिने आपल्या पोटात जागा दिली; आणि ती देता यावी म्हणून तिने स्वतःचे इंजिन लपवले ते थेट पुढच्या सीटच्या खाली.

या लपवण्यातली रसिकता आपण थोडी थांबून न्याहाळू. तोंडाकडे बॉनेट नाही, त्यामुळे एवढ्याशा लांबीत माणसांना ऐसपैस जागा मिळाली. पण ज्या सीटवर बसून आपण वैनगंगेवरचा पूल ओलांडून आष्टीला जातो, तिच्याच खाली ईकोचे चार सिलिंडर एकामागे एक उभे असतात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असले की प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पंचवीस वेळा पेटतो, म्हणजे चौघांचे मिळून शंभर. आपण खिडकीबाहेरचा साग पाहत, पिशवीतले मुरमुरे खात बसलेले असतो आणि वीतभर खाली दर सेकंदाला शंभर वेळा आग लागून विझत असते! वैशाखात पायांना जाणवणारी ऊब सोडली, तर या अग्निहोत्राचा पत्ताही आपल्याला लागत नाही.

पत्ता लागतो तो एखादी ठिणगी चुकली की. गाडी चढावर धापा टाकते, उभ्या उभ्या थरथरते, आणि मिस्त्री काही विचारण्याच्या आधीच ड्रायव्हर सांगून मोकळा होतो, “भाऊ, मिसिंग मारते गा.” मग सीट कलंडवली जाते, खालचे झाकण निघते आणि उघडते ती एक अरुंद, काळवंडलेली खिडकी. पाइप, वायरींचे जुडगे, कॉइल आणि केबलच्या रबरी टोप्या, आणि त्या टोप्यांच्या खाली, हेडमध्ये खोल गेलेल्या नळ्यांच्या तळाशी, प्लग. पुढचा प्लग त्यातल्या त्यात उदार. पण जसजसे मागे जावे तसतशी जागा आकसत जाते, आणि शेवटच्या प्लगपाशी मनगट वळवायलाही मुभा उरत नाही. इथून पुढे डोळ्यांचा अधिकार संपतो आणि बोटांचा सुरू होतो. मला या सगळ्या कामात हा संधिक्षण सर्वांत मोहक वाटतो: मिस्त्री मान वर करतो, समोरच्या रस्त्याकडे शून्य नजरेने पाहू लागतो, कारण आता पाहण्यासारखे काही त्याच्या नजरेसमोर नसतेच, ते सारे त्याच्या तर्जनीच्या टोकाशी असते.

त्याची हत्यारे तरी किती थोडी! सोळा मिलिमीटरची प्लगची गोटी, आत प्लग धरून ठेवणारे रबर, एक लांब आणि एक आखूड रॉड, वाकड्या वाटेसाठी एखादा सांधा आणि रॅचेट. पण ती लागण्याच्या आधी तो एक गोष्ट करतो, जिच्यावरून जाणता मिस्त्री ओळखावा: नळीत हवेचा झोत मारतो. या रस्त्यांवरची लालसर धूळ त्या खोलात साचून बसलेली असते. प्लग काढताच ती थेट सिलिंडरात जायची आणि पिस्टनच्या वाट्याला नको ती घासणी यायची. दुसरी खूण म्हणजे त्याची सबुरी. हेड ॲल्युमिनियमचे आहे. तापलेल्या इंजिनातून प्लग उपसायला गेले तर आटेच सोबत येण्याची भीती. म्हणून घाईत आलेल्या गिऱ्हाइकाला तो चहाला पाठवतो आणि इंजिन निवू देतो.

ही भीती गोंडपिपरीपुरती नाही. अमेरिकेत फोर्डच्या एफ-१५० या दांडग्या पिकअपच्या ५.४ लिटर, आठ सिलिंडरी, तीन व्हॉल्व्हच्या इंजिनात २००४ पासूनची काही वर्षे असे प्लग होते, ज्यांचे लांबट खालचे टोक काजळीने हेडमध्ये जखडून बसायचे आणि काढताना प्लगचे दोन तुकडे होऊन खालचा तुकडा आतच राहायचा. डॉजच्या रॅम पिकअपमधल्या ५.७ लिटर हेमी इंजिनाला तर दर सिलिंडरला दोन, असे सोळा प्लग! सोळा प्लगांच्या त्या वैभवापुढे आपली चार प्लगांची ईको गरीब खरी, पण दुर्गमतेच्या बाबतीत ती कुणाला हार जाणारी नाही.

आणि मग प्लग बाहेर येतो. आता त्याला उजेडात धरू या. पांढऱ्याशुभ्र चिनीमातीच्या नळीचे खालचे टोक, मधोमध धातूचा बारीक खांब, त्यावर कमान करून वाकलेली पट्टी आणि दोघांमध्ये मिलिमीटरभराची पोकळी. त्या पोकळीतून हजारो व्होल्टची वीज उडी घेते, आणि मोटारीच्या सगळ्या दिमाखाचा उगम त्या एका उडीत असतो. १९०२ साली बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाच्या मॅग्नेटोसह हा प्लग व्यवहारात आणला. तेव्हापासून त्याचे रूप इतके थोडे बदलले आहे की होनोल्डला आजचा प्लग हातात दिला तर तो क्षणात ओळखेल. मात्र नव्या प्लगच्या खांबाची कड धारदार असते आणि झिजलेल्याची गोलावलेली. विजेला कड प्रिय, गोलाव्यावरून उडी घ्यायला ती जास्त दाब मागते, आणि तो कॉइलला पुरवता आला नाही की गाडी “मिसिंग मारते.”

पण प्लगचा खरा आस्वाद त्याच्या रंगात आहे. टोक फिक्या बिस्किटी रंगाचे असेल तर मिस्त्रीच्या चेहऱ्यावर समाधान उमटते. आतला पेट समतोल आहे. कोरडी, हाताला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. ओम्नीच्या कार्बोरेटरच्या दिवसांत धुळीने कोंदलेला एअर फिल्टर हे त्याचे नेहमीचे कारण. तेलकट ओल दिसली की तो गप्प होतो, कारण आता खर्च प्लगचा नाही, रिंगांचा किंवा व्हॉल्व्हच्या सीलचा आहे. आणि टोक भाजल्यासारखे पांढरे, बारीक फोड आलेले असेल तर इंजिन तापत होते. चंद्रपूरचा मे महिना त्यात आपला वाटा उचलतोच. चार प्लग क्रमाने फडक्यावर मांडून मिस्त्री ते एकेक करून वाचत असतो तेव्हा त्याच्या खांद्यावरून डोकवावे. ज्या जागेत डोळा कधीच जाऊ शकत नाही, तिथला सगळा वृत्तान्त त्या चार टोकांवर लिहून आलेला असतो.

नवा प्लग आत सोडणे हे काढण्याहून नाजूक. गोटी आणि रॅचेटने सुरुवात केली तर वाकडा बसलेला प्लगही जोराने आत जातो आणि हेडचे आटे कायमचे बिघडतात. यावर मिस्त्रीकडे पेट्रोलच्या पाइपचा वीतभर तुकडा असतो. प्लगचे डोके त्यात खोचायचे आणि पाइप चिमटीत धरून हळूच खाली सोडायचा. विहिरीत पडलेली बादली गळाने चाचपणाऱ्याच्या हाताला जशी दोरावरून कडी कळते, तसे त्याच्या चिमटीला आटे कळतात. आधी तो पाइप उलटा फिरवतो. एक सूक्ष्म ‘टक्’ जाणवते, आट्याचे तोंड आट्याला भेटल्याची. मग सुलटा. प्लग वाकडा लागलाच तर रबर नुसते घसरते, आटे वाचतात. रबराचा अशक्तपणा हाच इथे गुण, आणि तो हेरणाऱ्या अज्ञात मिस्त्रीला माझा नमस्कार.

वॉशर टेकला की गोटीने सुमारे अर्धा फेरा. तोच प्लग पुन्हा लावायचा असेल तर फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरतो, कारण वॉशर आधीच दबलेला असतो. पुस्तकात याला पंचवीसेक न्यूटन-मीटर म्हणतात. मिस्त्रीच्या मनगटात तो आकडा आकड्यावाचून राहतो.

हेच मनगट पावसाळ्यात उत्तरेकडे, ताडोब्याच्या जिप्सींवरही चालते. गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर पर्यटकांना बंद असते, तेव्हा वर्षभर वाघामागे धावलेल्या जिप्सी दुरुस्तीला लागतात. हिमालयातल्या रॅली गाजवलेल्या या गाडीचे १२९८ सीसीचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन आणि पहिल्या ईकोचे ११९६ सीसीचे इंजिन सुझुकीच्या एकाच घराण्यातले. तीच खोल नळी, तोच तळाशी दडलेला प्लग. फरक इतकाच की जिप्सीला बॉनेट आहे आणि मिस्त्रीला ताठ उभे राहता येते. मला विचाराल तर त्यामुळे कामातली अर्धी गंमत जाते.

इकडे ईकोचे झाकण लागते, सीट जागेवर बसते, इंजिन सुरू होते, आणि मिस्त्री रिकाम्या चालीवरचा आवाज कान देऊन ऐकतो. ड्रायव्हर मात्र फडक्यावरच्या चार जुन्या प्लगांतला त्यातल्या त्यात बरा निवडून डॅशबोर्डच्या खणात टाकतो, आलापल्लीच्या जंगलात कधी लागला तर असावा म्हणून. रस्त्यात तो बदलायचा झाला तर पुढची सवारी उतरवावी लागेल, सीट कलंडवावी लागेल, इंजिन निवेपर्यंत झाडाखाली बसावे लागेल, आणि एवढे करून प्लगची गोटी तर त्याच्यापाशी नाहीच, हे त्यालाही ठाऊक असते. तरी तो टाकतोच.