चेहरा आणि नमुना

'व्यक्तिचित्र' हा शब्द मराठीत आपण दोन ठिकाणी वापरतो. लेखकाने शब्दांतून उभा केलेला माणूस हे व्यक्तिचित्र, आणि चित्रकाराने समोर बसवून रेखाटलेला माणूस हेही व्यक्तिचित्रच. पहिल्या अर्थाची चर्चा आपल्याकडे भरपूर झाली. प्रस्थापित साहित्यातला दलित हा माणूस आहे की दयेचा विषय, हा प्रश्न दलित समीक्षेने सातत्याने लावून धरला. दुसऱ्या अर्थाच्या व्यक्तिचित्राला मात्र आपण हा प्रश्न क्वचितच विचारला. चित्रकला म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली गोष्ट, तिच्याशी आपले काय देणेघेणे, असे आपण गृहीत धरले. हे गृहीत तपासून पाहण्याची वेळ आली आहे असे मला वाटते. माणसाचा चेहरा कोणी, कोणासाठी आणि कोणत्या नजरेने काढला, हा सौंदर्यशास्त्राइतकाच समाजशास्त्राचाही प्रश्न आहे.

मी येथे बोलतो आहे ते रेखाटलेल्या व्यक्तिचित्राबद्दल. तैलरंग, कॅनव्हास, सोनेरी चौकट यांना पैसा लागतो. रेखाटनाला कागद आणि कोळशाची कांडी पुरते. पण एक गोष्ट त्याला लागतेच लागते. काढणाऱ्याला समोरच्या माणसाकडे बराच वेळ, टक लावून पाहावे लागते. आपल्या समाजव्यवस्थेत हीच गोष्ट सर्वांत दुर्मीळ होती. अस्पृश्यता ही केवळ स्पर्शाची बंदी नव्हती, ती दृष्टीचीही बंदी होती. तिनेवेल्लीकडच्या पुरद वण्णान जातीच्या लोकांना दिवसा बाहेर पडण्याची मुभा नव्हती, कारण त्यांचे दर्शनही विटाळाचे मानले जाई. त्यांचा उल्लेख बाबासाहेबांच्या लेखनात आला आहे. ज्याची सावलीही नको त्याला समोर बसवून त्याच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या कोण मोजणार? हजारो वर्षे राबलेल्या माणसांचे चेहरे आपल्या चित्रपरंपरेत का नाहीत, याचे उत्तर चित्रकारांच्या कौशल्यात शोधण्यात अर्थ नाही. ते वर्णव्यवस्थेत आहे.

युरोपातील परंपरा या बाबतीत सोवळी होती असे नाही. हान्स होल्बाइनचे उदाहरण घ्या. हा जर्मन चित्रकार १५२६ मध्ये प्रथम इंग्लंडला गेला, पुढे आठव्या हेन्रीच्या दरबाराचा चित्रकार झाला आणि १५४३ मध्ये लंडनमध्ये मरण पावला. त्याने काढलेली सुमारे ऐंशी रेखाटने विंडसरच्या राजसंग्रहात आहेत. फिकट गुलाबी कागदावर खडूच्या मोजक्या रेषांनी हनुवटी, पापणी, ओठांची घडी त्याने अशी पकडली आहे की छापील प्रतींतूनही माणूस समोर बसल्यासारखा वाटतो. पण काही चेहऱ्यांच्या आसपास त्याने बारीक अक्षरांत टिपणे केली आहेत: हे मखमल, हा रंग असा. पुढे तैलचित्र करायचे तर पोशाख चुकता कामा नये! मखमल हा दर्जा होता आणि चेहरा त्या दर्जाचा धनी होता. सरदार, बिशप, राजाची माणसे, बडे व्यापारी यांना चेहरा मिळाला, कारण तो विकत घेण्याची ऐपत त्यांच्यापाशी होती. त्यांच्या घोड्यांना दाणा घालणाऱ्यांचा चेहरा या संचात शोधू नये.

त्याच शतकात आल्ब्रेख्त ड्यूररने मात्र दोन रेखाटने अशी केली की त्यांच्यापाशी थांबावेच लागते. पहिले १५१४ चे, कोळशाने काढलेले, त्याच्या आईचे. अठरा मुले जिने जन्माला घातली आणि त्यांपैकी बहुतेक जिने गमावली अशी त्रेसष्ट वर्षांची स्त्री. खोल गेलेले डोळे, गळ्याच्या ताणलेल्या शिरा, कपाळावर आठ्यांचे जाळे. मुलाने आईला कुठेही सजवलेले नाही. दोनच महिन्यांत ती वारली. दुसरे रेखाटन १५२१ चे, अँटवर्पमधले, धातूच्या अणकुचीदार टोकाने काढलेले. पोर्तुगीज व्यापारी प्रतिनिधीच्या घरातली एक आफ्रिकन तरुणी. डोक्याला फडके बांधलेले, नजर खाली. ड्यूररने आपल्या प्रवासाच्या रोजनिशीत तिची नोंद मालकाच्या नावाने केली आहे: त्याची मूर बाई. चित्राच्या कागदावर मात्र तिचे स्वतःचे नाव लिहिले आहे, काताऱिना, वय वीस.

रोजनिशीत ती मालकाची वस्तू आहे आणि कागदावर ती काताऱिना आहे. दोन्ही नोंदी एकाच हाताच्या. व्यक्तिचित्राचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या एका उदाहरणात एकत्र सापडतात. तासभर समोर बसवून पाहिल्यावर चित्रकाराला तिच्यातली व्यक्ती नाकारता आली नाही, हे सामर्थ्य. आणि चित्र पुरे झाल्यावर काताऱिना पुन्हा त्याच घरात कामाला लागली, तिची खाली गेलेली नजर वर उचलणे चित्रकाराच्या हाती नव्हते, ही मर्यादा. कलेचे भक्त पहिलीच गोष्ट सांगतात. आपण दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

आता आपल्या देशाकडे येऊ. कंपनी सरकारच्या काळात गोऱ्या अधिकाऱ्यांनी हिंदी चित्रकारांकडून येथील माणसांची असंख्य चित्रे काढून घेतली. कर्नल जेम्स स्किनरने १८२५ मध्ये 'तशरीह-उल-अक्वाम' हा फारसी ग्रंथ सिद्ध केला. जातींचे आणि व्यवसायांचे वर्णन करणाऱ्या या ग्रंथात शंभराहून अधिक चित्रे आहेत. येथे माणूस उभा आहे तो आपल्या जातीचा प्रतिनिधी म्हणून. हातात अवजार, अंगावर जातीचा वेष. त्याचे नाव विचारण्याचे कारणच उरलेले नाही. मी याला 'नमुना' म्हणतो. दुकानदार धान्याच्या पोत्यातून मूठभर दाणे काढून दाखवतो, तसा समाजातून एक माणूस काढून दाखवलेला. मूठ कोणतीही काढली तरी चालते.

कोणी म्हणेल, त्या काळच्या चित्रकारांना दुसरे काही येत नव्हते. हे खरे नाही. याच दिल्लीच्या परिसरात १८१५ ते १८१९ या काळात विल्यम फ्रेझर या अधिकाऱ्याने एक चित्रसंग्रह करवून घेतला. त्यात खेड्यातली माणसे, सैन्यात भरती व्हायला आलेले तरुण आहेत, आणि अनेकांची नावे फारसीत लिहिलेली आहेत. प्रत्येकाची उभे राहण्याची ढब वेगळी, चेहऱ्यावरचा भाव वेगळा. दिल्लीच्या चित्रकारांचे कसब तेच होते. फरक होता तो चित्र कशासाठी हवे आहे यात. अर्थात फ्रेझरही राज्यकर्ताच होता आणि भरतीच्या पोरांना पाहण्यात त्याचा हिशेब होता. तरीही नाव विचारल्याबरोबर रेषा बदलते, एवढे यावरून सिद्ध होते.

नमुन्याची नजर पुढे शास्त्राचा अंगरखा घालून आली. लाव्हाटर या स्विस धर्मोपदेशकाने १७७५ ते १७७८ या काळात चार खंड प्रसिद्ध करून चेहऱ्याच्या ठेवणीवरून माणसाचे शील ओळखता येते असे प्रतिपादन केले. पेत्रुस कांपर या डच शरीरशास्त्रज्ञाने माकड, आफ्रिकन, युरोपीय आणि ग्रीक पुतळा यांच्या कवट्या व चेहरे ओळीने रेखाटून त्यांचे कोन मोजले. १७९१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, ते छापले गेले आणि वंशवाद्यांनी त्या आकृत्यांचा मुबलक वापर केला. हिंदुस्थानात हर्बर्ट रिस्लेने नाकाची रुंदी आणि लांबी मोजून असा सिद्धान्त मांडला की नाक जितके रुंद तितका सामाजिक दर्जा खालचा. हाच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त होता. मनूने जे जन्मावर सोडले होते ते आता नाकावर सोडले गेले!

या नजरेला बाबासाहेबांनी दिलेले उत्तर आपल्या समीक्षेने चित्रकलेच्या संदर्भातही वाचायला हवे. 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात त्यांनी मोजमापाचे तेच हत्यार उलटे फिरवले. डॉ. घुर्ये यांनी दिलेले नाकाच्या मापांचे आकडे समोर ठेवून त्यांनी दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांना दोन वेगळे वंश ठरवता येत नाही. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. अस्पृश्याचा म्हणून वेगळा चेहरा नसतो, हा त्याचा अर्थ. मग जो चित्रकार 'दलित चेहरा' काढायला बसतो तो नेमके काय काढतो? तो आपल्या डोक्यातला नमुना काढतो.

नमुन्याची ही चौकट रेषेनेच मोडणारे दोन चित्रकार मला महत्त्वाचे वाटतात. पहिला बंगालचा चित्तप्रसाद. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यातून फिरला आणि काळ्या शाईने भुकेली माणसे रेखाटत गेला. 'हंग्री बेंगॉल' या नावाने ते पुस्तक निघाले आणि ब्रिटिश सरकारने त्याच्या पाच हजार प्रती जप्त करून नष्ट केल्या. भुकेचे चित्र काढताना नमुना काढण्याचा मोह फार असतो, कारण हाडांचे सापळे सगळे सारखेच दिसतात. चित्तप्रसादने माणसांची नावे विचारली, गावे विचारली, जमीन कशी गेली, घरातले कोण गेले ते विचारले आणि चित्रांसोबत लिहिले. सरकारला भीती वाटली ती याचीच. आकडा नाकारता येतो, नाव आणि गाव असलेला चेहरा नाकारणे कठीण जाते. जन्माने ब्राह्मण असलेल्या या चित्रकाराने आपले जातिवाचक आडनाव टाकून दिले होते, हेही नोंदवले पाहिजे. समोरच्याचे नाव खऱ्या अर्थाने विचारायचे असेल तर आधी स्वतःच्या नावाचा काही भाग खाली ठेवावा लागतो.

दुसरा चार्ल्स व्हाइट, १९१८ मध्ये शिकागोत जन्मलेला काळा चित्रकार. आई लोकांच्या घरी कामाला जात असे. कोळसा, खडू, पेन्सिल हीच त्याची मुख्य साधने. त्याने काढलेली काळी शेतमजूर माणसे, कष्टकरी स्त्रिया भव्य आहेत, त्यांचे हात तर एखाद्या झाडाच्या मुळांसारखे भरीव. १९६९ ते १९७२ या काळात त्याने 'वाँटेड पोस्टर' ही मालिका केली. तिचा आधार होता गुलामगिरीच्या काळातल्या जाहिराती: गुलाम पळाला आहे, पकडून देणाऱ्यास बक्षीस, गुलाम विकणे आहे. त्या कागदावरही नाव असे, वय असे, वर्णन असे. म्हणजे केवळ नाव लिहिल्याने माणूस माणूस होत नाही. नाव पकडण्यासाठीही लिहितात आणि विकण्यासाठीही. व्हाइटने तोच चुरगळलेला जुना कागद घेतला आणि त्यावर आपल्या काळातल्या काळ्या माणसांचे चेहरे काढले, पूर्ण प्रतिष्ठेने. शंभर वर्षांत काय बदलले, हा सवाल तो कागद विचारतो. ही मालिका पुरी होत होती त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. नाव आपण तिकडून घेतले, कविता घेतली. तिकडची रेषा मात्र आपल्यापर्यंत पोचली नाही.

येथे चळवळीतल्या मित्रांचा एक आक्षेप मला ऐकू येतो. व्यक्तिचित्र ही व्यक्तिवादी कला. आमचा लढा समूहाचा आहे, एकेकट्या चेहऱ्याचे कौतुक हवे कशाला? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो आणि नाकारतो. ज्यांच्या पणजोबांची तैलचित्रे भिंतीवर आहेत त्यांनी व्यक्तिवादाला कंटाळावे. ज्यांना व्यक्ती होऊच दिले नाही, ज्यांची नोंद गावाच्या कागदात जातीने आणि कामाने झाली, त्यांच्यासाठी एकेक चेहरा हीच समूहाची मागणी आहे. आपल्या आत्मकथनांनी हेच केले. त्यांत समाज आला तो आई, बाप, आजी, शेजारीण अशा नावानिशी आलेल्या माणसांतून.

आणि आपल्या घरातले चित्र? आपल्या वस्तीत एक चेहरा सर्वाधिक रेखाटला गेला, तो बाबासाहेबांचा. छायाचित्रांवरून, गावोगावच्या पेंटरांनी, भिंतींवर, फलकांवर, शाळकरी मुलांनी वह्यांत. ज्यांना चेहराच नव्हता त्यांनी आपला पहिला चेहरा निवडला, ही घटना जगाच्या व्यक्तिचित्राच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. पण चष्मा, कोट, टाय आणि हातात ग्रंथ एवढे काढले की बाबासाहेब झाले, अशी सवय आता हाताला लागली आहे. महाडच्या १९२७ मधला तरुण बॅरिस्टर आणि १९५६ मधला, मधुमेहाने थकलेला, तरीही लिहीत बसलेला वृद्ध यांचा चेहरा एकच कसा असेल? ज्याने नाकाचे माप खोडून काढले त्यालाच आपण नमुना करून टाकावे, हे बरे नव्हे.

हीच अपेक्षा आपल्या चित्रकारांकडूनही आहे. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि पाठीशी झाडू घेतलेला अस्पृश्य छापचित्रांत व रेखाटनांत आणला. पेशवाईचा तो अपमान त्यांनी आधुनिक चित्रकलेच्या दालनात नेऊन उभा केला, हे मोठे काम आहे. तो माणूस प्रतीक आहे आणि प्रतीक म्हणून तो आवश्यकही होता. प्रतीकानंतरची पायरी माणसाची आहे. ते मडके ज्याच्या गळ्यात होते त्याचे नाव आता कळणार नाही. पण गटारात उतरणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या, ओट्यावर बसून तांदूळ निवडणाऱ्या आजच्या माणसाचे नाव कळू शकते. त्यासाठी विचारावे लागेल.

म्हणून आपल्या तरुणांना माझे सांगणे साधे आहे. चित्रकलेच्या शाळेत ग्रीक पुतळ्याचे नाक काढायला शिकवतील, ते शिकून घ्या. हात तयार होतो. मग एक कागद आणि कोळशाची कांडी घेऊन आपल्या वस्तीत जा. कोणा म्हातारीसमोर बसा. तिला वेळ आहे का विचारा, कारण आजवर तिच्या वेळेची किंमत कोणी केली नाही. तिची नजर खाली जात असेल तर वाट पाहा. चित्र झाल्यावर आधी तिला दाखवा, आणि तिला ते आपले वाटले तर खाली तिचे नाव लिहा, तिच्या तोंडून जसे आले तसे.