विद्यापीठामुळे भाग सुधारला, हे कशावरून?

पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये एक परिच्छेद प्रत्येकाला लिहावा लागतो: या संशोधनाचा समाजाला काय उपयोग. बहुतेक जण तो शेवटच्या रात्री लिहितात. मीही तसाच लिहिला होता. माझा विषय काजूच्या पालवीतली रसायनं आणि ढेकण्या कीड. मी लिहिलं की कोकणातल्या काजू उत्पादकांचं उत्पन्न विद्यापीठांच्या संशोधनामुळे वाढलं आहे आणि माझं कामही त्यात भर घालेल. सादरीकरणात बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी विचारलं, "विद्यापीठ नसतं तर किती वाढलं असतं?" मी गप्प. ते हसले, पुढच्या स्लाइडवर गेले. प्रश्न मात्र माझ्याबरोबर हॉस्टेलवर आला.

तुमच्यापैकी जे नेट-सेटची तयारी करताय किंवा नुकतेच गाइड शोधताय, त्यांच्यासाठी ही पोस्ट. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी नाही. पण या प्रश्नापायी गेल्या वर्षभरात तीन पेपर वाचले आणि त्यातला एक तर तीनदा. त्यांच्याबद्दल बरं-वाईट दोन्ही सांगायचं आहे.

आधी ज्यांच्याबद्दल फारसं बरं सांगता येत नाही ते. जगभरातली विद्यापीठं, विशेषतः अमेरिका-ब्रिटनमधली, आपला 'आर्थिक प्रभाव अहवाल' काढतात. आम्ही इतके पगार दिले, विद्यार्थ्यांनी इतकं घरभाडं दिलं, हा पैसा बाजारात फिरला, त्याला अमुकने गुणा, आणि येतो एक डोळे दिपवणारा आकडा. बेरीज बरोबर असते, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही. माझंच उदाहरण घ्या. जेआरएफचे महिना 37,000 दिल्लीहून येतात आणि मी ते या शहरात मेस, खोली, चहा आणि झेरॉक्सवर खर्च करते. शहराच्या दृष्टीने ही खरी आवक आहे. पण माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलीचे पैसे परभणीहून तिचे वडील पाठवतात. ते इथे खर्च झाले म्हणजे परभणीत झाले नाहीत. अहवालात दोन्ही रकमा 'विद्यापीठामुळे झालेला विकास' म्हणून एकाच रकान्यात बसतात. आणि जो मुलगा याच शहरातला आहे, कॉलेज नसतं तरी इथेच राहिला-जेवला असता, त्याचा वडापावसुद्धा त्यात धरलेला असतो. असा अहवाल वाचताना एकच बघा: तुलना कशाशी केली आहे? बहुतेक वेळा 'काहीच नाही'शी केलेली असते. विद्यापीठ उचललं की मागे रिकामं माळरान उरेल, असं गृहीत धरलेलं असतं.

मग तुलना करायची कशाशी? सर्वात सोपा मार्ग म्हणजे जिथे विद्यापीठं आहेत ते प्रदेश आणि जिथे नाहीत किंवा कमी आहेत ते. अ‍ॅना व्हॅलेरो आणि जॉन व्हॅन रीनन यांनी 2019 मध्ये हे जागतिक पातळीवर केलं: 78 देश, सुमारे 1,500 प्रदेश, जवळजवळ 15,000 विद्यापीठं, 1950 ते 2010 चा काळ. दरडोई विद्यापीठांची संख्या 10 टक्क्यांनी जास्त असेल तर त्या प्रदेशाचं पुढचं दरडोई उत्पन्न सुमारे 0.4 टक्क्यांनी जास्त दिसतं. काम प्रचंड आहे, आणि लेखकांनी शक्य तितके इतर घटक बाजूला काढलेत. तरी शंका उरतेच. विद्यापीठं निघतात कुठे? जिथे आधीच रेल्वे आहे, पुढारी वजनदार आहेत, पैसा येऊ घातला आहे तिथे. कोंबडा आरवला म्हणून उजाडलं की उजाडणार म्हणून कोंबडा आरवला, हे नुसत्या आकड्यांच्या गर्दीतून कळत नाही.

म्हणूनच मला मायकेल अँड्र्यूज यांचा 2023 चा पेपर आवडला, आणि तीनदा वाचला तो हाच. त्यांची युक्ती साधी आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत कॉलेज कुठे काढायचं यावर गावागावांत चुरस असायची. जॉर्जिया राज्याला तंत्रशाळा काढायची होती तेव्हा अटलांटा, मेकन, अथेन्स, मिलेजव्हिल आणि पेनफील्ड अशी पाच ठिकाणं रांगेत होती. 1886 मध्ये मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या आणि शेवटी अटलांटाला कौल मिळाला. अँड्र्यूज म्हणतात, कॉलेज मिळालेल्या जागेची तुलना कुठल्याही जागेशी करू नका. शेवटपर्यंत शर्यतीत राहून हरलेल्या जागेशी करा. त्या दोघी निवडीच्या दिवसापर्यंत बऱ्याच सारख्या होत्या. प्रयोगशाळेतल्या कंट्रोलच्या इतकं जवळ जाणारं इतिहासात फार कमी सापडतं. एखाद्या गावाचा पराभव आपला कंट्रोल होऊ शकतो, हे मला कधीच सुचलं नसतं.

निष्कर्ष असा: कॉलेज मिळालेल्या काउंटीत हरलेल्यांच्या तुलनेत दरवर्षी सुमारे 60 टक्के जास्त पेटंट निघाली. इथवर वाचून कुलगुरूंना आनंद होईल. पण पुढे त्यांनी कॉलेजांची जुनी वार्षिकं काढून त्यातली नावं पेटंटधारकांच्या नावांशी जुळवली. त्या कॉलेजचे माजी विद्यार्थी आणि शिक्षक यांचा वाटा लहान निघाला. मग उरलेली पेटंट कुणाची? वाढीचा मोठा भाग लोकवस्तीमुळे आलेला दिसतो. कॉलेज झालं, माणसं तिथे राहायला आली, आणि जास्त माणसं म्हणजे जास्त संशोधक. काही हरलेल्या गावांना तर सांत्वन म्हणून तुरुंग किंवा वेड्यांचं इस्पितळ मिळालं होतं. त्यांच्याशीही तुलना करून अँड्र्यूज यांनी तपासलं आहे की यात कॉलेजचं काय आणि कुठल्याही सरकारी संस्थेचं काय.

आता माझे आक्षेप. पहिला पेटंटबद्दल. माझे मामा दूध घालायचे. लहानपणी डेअरीत काचेच्या नळीत दूध, आम्ल घालून ती गरगर फिरवताना मी पाहिलंय. ती गेर्बर पद्धत, स्वित्झर्लंडची. तिची अमेरिकन बहीण म्हणजे बॅबकॉक चाचणी. 1890 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक यांनी ती शोधली. त्याआधी दुधाचे पैसे वजनावर मिळायचे, म्हणजे पाणी घालणारा फायद्यात आणि चांगली गाय पाळणारा तोट्यात. सल्फ्युरिक आम्लात दुधातलं बाकी सगळं विरघळतं, फॅट वर येतं आणि नळीच्या मानेवर मोजता येतं. त्याने फॅटवर दर देणं शक्य झालं आणि त्या राज्यातला लोणी-चीजचा धंदा विश्वासाच्या पायावर उभा राहिला. बॅबकॉक यांनी तिचं पेटंट घेतलं नाही, चाचणी सगळ्यांना मोकळी ठेवली. म्हणजे विद्यापीठाने आसपासच्या शेतकऱ्याला दिलेली एवढी मोठी गोष्ट पेटंटच्या मोजपट्टीवर शून्य. अँड्र्यूज यांचा विषय 'शोध' आहे, त्यामुळे त्यांची मोजपट्टी चूक नाही. पण तो पेपर 'आर्थिक विकास' म्हणून उद्‌धृत करणाऱ्यांनी जरा थांबावं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर वाटतो. वाढ जर माणसं येऊन राहिल्यामुळे झाली असेल, तर ती आली कुठून? कदाचित त्याच हरलेल्या गावातून. म्हणजे एकाचा फायदा आणि दुसऱ्याचा तोटा मिळून ते 60 टक्के झालेले असू शकतात. देशाच्या हिशेबात त्याचं मोल मग बरंच कमी भरेल. आणि काही लोक तर या तुलनेत येतच नाहीत. 1862 च्या मॉरिल कायद्याने ज्या जमिनी विकून कॉलेजं उभी केली, त्या सुमारे 1 कोटी 7 लाख एकर जमिनी जवळजवळ 250 मूलनिवासी जमातींकडून घेतलेल्या होत्या, हे 2020 मध्ये 'हाय कंट्री न्यूज'च्या पत्रकारांनी नकाशांसह मांडलं. जिंकलेलं गाव आणि हरलेलं गाव, दोन्ही वसाहतवाल्यांचीच.

तिसरा पेपर शॉन कँटॉर आणि अलेक्झांडर व्हॅली यांचा, 2019 चा. 1887 च्या हॅच कायद्याने अमेरिकेत राज्याराज्यांत कृषी संशोधन केंद्रं आली. केंद्राच्या जवळच्या शेतांची उत्पादकता सुमारे वीस वर्षं जास्त वाढली, नंतर तो फरक ओसरत गेला. घाईत वाचणारा म्हणेल, केंद्रं निरुपयोगी झाली. नेमकं उलट आहे. विस्तार सेवा, मोटारी आणि टेलिफोन आले, ज्ञान लांबच्या शेतापर्यंत पोचू लागलं, म्हणून जवळ असण्याचा फायदा संपला. फरक शून्य दिसला तर परिणाम शून्य असं समजू नका. तुमच्या कंट्रोलपर्यंत औषध पोचलं असेल तरी शून्यच दिसतं.

हे सगळं घेऊन मी माझ्या काजूकडे परत आले, आणि इथे गाडी अडली. महाराष्ट्रात कृषी विद्यापीठांच्या जागांवरून चुरस झाली नाही असं नाही. अकोल्यात तर आंदोलन पेटलं होतं. पण आपल्याकडे शेवटी प्रत्येक विभागाला एक मिळालं: राहुरी 1968, अकोला 1969, परभणी आणि दापोली 1972. राजकारण म्हणून ठीक, पण माझ्यासाठी पंचाईत. विभागाच्या पातळीवर हरलेला कुणी उरतच नाही.

मग म्हटलं, कँटॉर-व्हॅलींसारखं अंतर घेऊ. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र दापोलीच्या विद्यापीठाकडे आहे, आणि ते विद्यापीठ व्हायच्या आधीपासून तिथे होतं. (म्हणजे श्रेय नक्की कुणाचं, हा वाद इथूनच सुरू होतो.) तिथून वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 यांसारख्या जाती आल्या. वेंगुर्ला-7 ची बी सुमारे 10 ग्रॅमची, शंभर बियांत किलो. गावठी बी असणाऱ्याला विचारा याचा अर्थ काय. केंद्राजवळच्या तालुक्यांत काजू जास्त वाढला का, ते बघायचं. पण 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. खड्डे, कलमं, खत सगळ्याला अनुदान, आणि झाडं जगली तर पुढचा हप्ता. कोकणातली काजूची लागवड या योजनेने वाढली की कलमांनी? योजना नसती तर कलमं नर्सरीत पडून राहिली असती, आणि कलमं नसती तर त्या खड्ड्यांत गावठी बी गेली असती. दोन्ही एकाच वेळी आले, दोन्ही एकमेकांवाचून अर्धे. शिवाय वेंगुर्ल्याजवळचे तालुके गोव्याजवळचेही आहेत. तिथे बी घेणारे कारखानदार जवळ, काजू पोर्तुगीजांपासूनचा. जवळिकीचा फायदा मोजायला गेले तर तो केंद्राचा की बाजाराचा, तेच कळेना.

एक धागा अजून हातात आहे. योजना सगळ्या तालुक्यांना होती, पण कलमं कुठल्या नर्सरीतून किती गेली हे ठिकाणागणिक वेगळं असणार. जुनी कलम विक्रीची रजिस्टरं कुठे मिळाली तर काहीतरी करता येईल. तुमच्यापैकी कुणी कृषी महाविद्यालयात असाल तर स्टोअरमध्ये एकदा डोकावून बघा. वाळवीने खाल्ली नसतील तर मला जरूर कळवा.

सिनॉप्सिसमधला तो परिच्छेद मी बदलला. आता तिथे फक्त एवढंच आहे की ढेकण्याने मोहोर करपतो, आणि कोणत्या जातीत तो कमी का करपतो हे मी शोधते आहे. गाइड म्हणाले, "उपयुक्तता जरा कमी झाली गं." मी म्हटलं, "सर, सिद्ध करता येईल तेवढीच ठेवली."

गणपतीत घरी गेले तेव्हा बाबांना विचारलं की तुम्ही 1992 साली वेंगुर्ला-4 च का लावलात. मला वाटलं होतं, कुठल्या शिबिराचं किंवा कृषी सहायकाचं नाव घेतील. ते म्हणाले, "खड्ड्यांचे पैसे मिळत होते. आणि नर्सरीवाल्याने टेम्पोत जी भरली ती आणली." मग थोडं थांबून म्हणाले, "बांधावरची गावठी झाडं मात्र तोडली नाहीत हां. म्हटलं, हे सरकारी नाही लागलं तर?"