नोंदच नव्हती, तर खंड दिसणार कुठे?

करोना आणि दीर्घ आजार या विषयावरचे शोधनिबंध वाचायला घेतले की पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात एक पाहणी हमखास भेटते. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2020 मध्ये 155 देशांकडून माहिती घेतली आणि 1 जूनला निष्कर्ष जाहीर केले. 53 टक्के देशांत उच्च रक्तदाबाच्या उपचारांत अंशतः किंवा पूर्ण खंड पडला होता, मधुमेहाच्या बाबतीत 49 टक्के देशांत. हृदयविकाराच्या तातडीच्या सेवा 31 टक्के देशांत विस्कळीत झाल्या होत्या. हा आकडा द्यायचा, मग "विशेषतः ग्रामीण भागात परिस्थिती अधिक गंभीर होती" असं एक वाक्य टाकायचं, आणि पुढे सरकायचं, अशी आता रीतच पडली आहे.

माझं भांडण त्या आकड्याशी नाही. ते पुढचं वाक्य मला खटकतं.

पाहणीची उत्तरं दिली ती देशोदेशींच्या आरोग्य मंत्रालयांनी. प्रश्न होता सेवा चालू आहे का, असा. त्या घाईत याहून वेगळं काही करणं शक्यही नव्हतं. पण मंत्रालयाच्या खुर्चीतून दिसणारी 'सेवा' आणि माझं संशोधन ज्या दोन तालुक्यांभोवती फिरतं त्या शहापूर-मुरबाडमधला माणूस जिला उपचार म्हणतो ती गोष्ट, या दोन्ही एक नाहीत. 'खंड पडला' म्हणायला आधी काहीतरी सलग चालू असावं लागतं ना!

इथे सलग काय चालू होतं ते बघू. कागदावर 2010 पासून मधुमेह, रक्तदाब, कर्करोग वगैरेंचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. पुढे तिशीच्या वरच्या प्रत्येकाची तपासणी करायची, आशाताईंनी घरोघरी फॉर्म भरायचे, असंही ठरलं. प्रत्यक्षात बऱ्याच लोकांचा उपचार म्हणजे तालुक्याच्या गावचा खासगी डॉक्टर, हातात पैसे असतील तेवढ्या गोळ्या मेडिकलमधून, आणि काही मोठं निघालं तर कल्याण, उल्हासनगर, कळवा किंवा थेट मुंबई. शहापूरकरांसाठी या सगळ्याचा कणा म्हणजे कसाऱ्याची लोकल. आसनगावला गाडी धरायची, डॉक्टरला दाखवायचं, संध्याकाळी परत. मुरबाडला रेल्वेच नाही. तिथे एसटी आणि वडाप.

मार्च 2020 च्या चौथ्या आठवड्यात लोकल बंद झाली. 15 जूनला सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. सर्वसामान्यांना ठरावीक वेळांत का होईना, चढायला मिळालं 1 फेब्रुवारी 2021 ला, आणि दुसऱ्या लाटेत एप्रिलमध्ये दार पुन्हा बंद. म्हणजे दहा महिने एखाद्या मधुमेहाच्या पेशंटचा नेहमीचा डॉक्टर कल्याणमध्ये दवाखाना उघडून बसलेला असेलही. मंत्रालयाच्या उत्तरात ती सेवा 'चालू' धरली जाईल. पेशंट मात्र आसनगावच्या अलीकडेच. त्याची मजुरीही बंद, म्हणजे मेडिकलचं बिलही बंद. त्याच पाहणीत खंडाच्या कारणांमध्ये सार्वजनिक वाहतुकीचा उल्लेख आहे, हे मान्य. पण तिथे ते यादीतलं एक कारण आहे, इथे जवळपास सगळा खेळच त्याच्यावर होता.

सरकारला हे सुचलं नव्हतं असंही नाही. एप्रिल 2020 मध्येच केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने कळवलं होतं की रक्तदाब, मधुमेहाच्या माहीत असलेल्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या आशा किंवा उपकेंद्रामार्फत द्याव्यात. सूचना चांगलीच होती. अडचण 'माहीत असलेल्या' या दोन शब्दांत आहे. कोणाला माहीत? ज्याचं निदान खासगीत झालं आणि ज्याच्या गोळ्या मेडिकलमधून येतात, त्याचं नाव उपकेंद्राच्या वहीत असेलच असं नाही. कातकरी कुटुंबं तर दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. गावच्या यादीत ती असली तरी अर्धं वर्ष गावात नसतात आणि भट्टीवरच्या यादीत त्यांना कोणी घेत नाही. शिवाय गोळ्या पोचवायच्या कोणी? ज्या आशाताई त्याच वेळी करोनाचं सर्वेक्षण करत होत्या त्यांनीच. जून 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा त्यांच्या मागण्यांत या वाढत्या कामाच्या मोबदल्याचा मुद्दा होता, आणि तो रास्तच होता.

आता टीबीशी तुलना करून पाहा. 2019 मध्ये देशात टीबीचे सुमारे 24 लाख रुग्ण नोंदले गेले, 2020 मध्ये सुमारे 18 लाख. एका वर्षात पाव भाग गायब! आजार कमी झाला नव्हता, रुग्ण शोधले जात नव्हते. हे सगळ्यांना लगेच दिसलं, बातम्या झाल्या, पुढे रुग्णशोध मोहिमा झाल्या. का दिसलं? कारण टीबीचा प्रत्येक रुग्ण नोंदवणं बंधनकारक आहे आणि त्या नोंदी एका ठिकाणी जमतात. रक्तदाबाचं तसं नाही. गोळी सोडली तर दुसऱ्या दिवशी काही दुखत नाही, खोकला येत नाही, शेजाऱ्याला लागण होत नाही. माणूसही गप्प, यंत्रणाही गप्प.

महाराष्ट्रात हे वेगळ्या पद्धतीने करून पाहिलेलं आहे, म्हणून जास्त चुटपुट लागते. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात आपल्याकडचे भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे चार जिल्हे होते. तिथे रुग्णाची स्वतंत्र नोंद होते आणि पुढच्या तारखेला तो आला नाही तर ते कळतं. टाळेबंदीत गैरहजेरी तिथेही झाली, पण ती गैरहजेरी म्हणून दिसली तरी. ठाणे त्या चारांत नव्हतं.

मग संशोधक करतात काय? मोठ्या पाहण्यांकडे वळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 15 वर्षांवरच्या सगळ्यांचा रक्तदाब मोजला, पण महाराष्ट्रातलं काम 2019 मध्येच संपलं होतं. 45 वर्षांवरच्यांची 'लासी' पाहणी 2017-18 ची. दोन्ही साथीच्या आधीच्या. शिवाय 'ठाणे जिल्हा' हा आकडाच फसवा आहे. 2011 च्या जनगणनेत, पालघर वेगळा होण्याआधी, जिल्ह्याची लोकसंख्या 1 कोटी 10 लाख होती. शहापूर आणि मुरबाड मिळून जेमतेम 5 लाख. ठाणे, कल्याण, नवी मुंबईच्या सरासरीत माळशेजच्या पायथ्याची वाडी शोधायची म्हणजे भाताच्या ढिगात वरीचा दाणा शोधायचा. उरली फोनवरची पाहणी. ती ज्याच्याकडे फोन आहे, रिचार्ज आहे आणि बोलायला जो जिवंत आहे त्याच्यापर्यंतच पोचते.

हे शेवटचं मी उगाच म्हटलं नाही. देशात नोंदलेले मृत्यू 2019 मध्ये 76.4 लाख, 2020 मध्ये 81.2 लाख आणि 2021 मध्ये 1 कोटी 2 लाख झाले. त्यातले किती थेट करोनाचे, आणि किती गोळ्या सुटल्यामुळे आलेल्या पक्षाघाताचे? सांगता येत नाही, कारण 2020 मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले होते साधारण 22.5 टक्के. घरी गेलेल्या म्हाताऱ्याच्या मृत्यूचं कारण गावात 'वय झालं होतं' एवढंच राहतं. खंडाचा सर्वात मोठा परिणाम ज्यांच्यावर झाला असेल ते असे आपल्या नमुन्यातूनच वगळले जातात, आणि मग आपण वाचलेल्यांना विचारतो, तुमच्या उपचारांत अडथळा आला का?

सगळ्यात जास्त रुखरुख 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेची वाटते. 15 सप्टेंबर ते 25 ऑक्टोबर 2020, राज्यातल्या घराघरांत पथकं गेली. ताप आणि ऑक्सिजन मोजला, मधुमेह, हृदयविकार आहे का ते विचारलं. प्रत्येक उंबरठ्यावर जाऊन दीर्घ आजारांबद्दल विचारण्याची अशी संधी क्वचितच मिळते. पण विचारण्याचा हेतू हा माणूस करोनाने दगावण्याची शक्यता किती, हा होता. 'गोळ्या शेवटच्या कधी घेतल्या?' हा आणखी एक प्रश्न तिथे सहज मावला असता. संशोधनानेही तीच नजर उचलली: मधुमेह म्हणजे कोमॉर्बिडिटी, करोनाच्या तक्त्यातला एक रकाना.

मला विचाराल तर पुढच्या निबंधांनी 'अधिक गंभीर होती' हे वाक्य लिहिण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राची औषधसाठ्याची वही मागावी. 2019, 2020 आणि 2021, महिन्यामागून महिना, अॅम्लोडिपिन आणि मेटफॉर्मिनच्या किती गोळ्या वाटल्या गेल्या. खासगीतले पेशंट त्यात येणार नाहीत, आणि गोळ्या किती माणसांत वाटल्या तेही वही सांगणार नाही. पण एप्रिल 2020 च्या त्या तीन महिन्यांच्या गोळ्यांच्या सूचनेनंतर वाटप खरोखर तिपटीच्या आसपास गेलं, की होतं तिथेच राहिलं, हे एका दुपारच्या कामात कळू शकेल.