आरोप आणि पापस्वीकार

सत्य कशाला म्हणावे, असा प्रश्न पिलाताने प्रभू येशूला केला आणि उत्तरासाठी न थांबता तो बाहेर गेला. न्यायासनावर बसलेल्यालाच सत्य नकोसे व्हावे, ही घटना विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' वाचताना वारंवार आठवते. १९६७ साली 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केलेले हे नाटक ख्रिस्ती वाचकाने अंतर्मुख होऊन वाचावे असे आहे.

एका खेड्यात प्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी वेळ जावा म्हणून खोटा खटला उभा करतात. आरोपी शिक्षिका लीला बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. पाहता पाहता खेळ तिच्या खाजगी जीवनात शिरतो. विवाहित प्रोफेसर दामल्यांपासून तिला दिवस गेले आहेत, हे चव्हाट्यावर येते. दामले मात्र तेथे नाहीतच. शेवटी न्यायाधीश काशीकर निकाल देतात, की तिच्या पोटातील गर्भ नष्ट व्हावा. ज्या पापाचा आरोप, तेच पाप शिक्षा म्हणून!

तिच्याविषयी उघड झालेली मुख्य गोष्ट खोटी नाही. तरीही हे न्यायालय असत्याचे आहे. वकिली न चाललेले सुखात्मे, इंटर नापास पोंक्षे, निपुत्रिक काशीकर दांपत्य, प्रत्येकजण आपले शल्य झाकण्यासाठी तिचा दोष पुढे करतो. बेणारेही निष्कलंक नाही. आरंभी तिनेच यांच्या उणिवांची बोचरी थट्टा केलेली असते. संत योहानाच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायातही स्त्रीवरील आरोप प्रभूने नाकारला नाही. त्याने आरोप करणाऱ्यांना स्वतःकडे वळविले, आणि वयाने वडील होते ते प्रथम निघून गेले. अपराधाचे सत्य प्रथमपुरुषी एकवचनातच बोलता येते. म्हणूनच मिस्साच्या आरंभी आपण स्वतःची छाती बडवितो, शेजाऱ्याची नव्हे.

बेणारेचे अखेरचे स्वगत हा एका अर्थी पापस्वीकारच आहे. परंतु रंगमंचावरील मंडळी तेव्हा निश्चल असतात, तिचा एक शब्दही त्यांच्या कानी जात नाही. नाटकात क्षमा नाही, अशी तक्रार कोणी करील. मला मात्र ही उणीव वाटत नाही. पडदा पडण्यापूर्वी भोळा सामंत, ज्याने कादंबरीतून उचललेली साक्ष दिली होती तोच, कापडाचा हिरवा पोपट तिच्याजवळ हळूच ठेवतो. करुणेची एवढीच ठिणगी लेखकाने ठेवली. पुढचे काम आपले.

नवी मुंबईत आपण गावोगावहून आलो. सिडकोच्या वसाहतींत आपल्या भिंती एकमेकांना लागून आहेत; शेजारच्या घरातले दुःख सहज कानी येते आणि मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर त्याचा खटलाही सहज उभा राहतो. वाचकहो, अशा वेळी आपण काशीकरांच्या खुर्चीत बसतो, की बेणारेचे बोलणे ऐकून घेतो? पिलात थांबला नाही. आपल्याला थांबता येईल.